गावचं पाणी, हवा, ऊन आणि लेकरांची तब्येत: मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आठही जिल्ह्यांतले पालक, अंगणवाडी ताई, आशाताई, शिक्षक आणि ग्रामपंचायत सदस्य जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे सविस्तर आली असेल, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पर्यावरणाचा धोका म्हणजे नेमकं काय? आमच्या खेड्यात कारखाना नाही, हवा चांगली आहे.

धोका फक्त कारखान्याच्या धुराड्यातून येत नाही. खेड्यात लेकरांना जास्त बाधणाऱ्या गोष्टी घराच्या आसपासच असतात: बोअरच्या पाण्यातलं फ्लोराईड आणि नायट्रेट, क्लोरीन न टाकलेली टाकी, चुलीचा धूर, न्हाणीत ठेवलेला फवारणीच्या औषधाचा डबा, पत्र्याखाली भरणारी अंगणवाडी, कुंपण नसलेलं शेततळं. घरात पाणी गाळता येतं, पण गावाची विहीर उकिरड्याला लागून असेल तर एकट्या आईने काय करावं? म्हणून पुढच्या उत्तरांत घरात करायच्या गोष्टी थोड्या आहेत आणि ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, प्रदूषण मंडळ यांच्याकडून करून घ्यायच्या गोष्टी जास्त.

२. तेच पाणी आम्ही वर्षानुवर्षं पितो, आम्हाला काही झालं नाही. मग लेकरांनाच का बाधतं?

वजनाच्या हिशेबात लेकरू आपल्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी आणि हवा आत घेतं. पाच किलो वजनाचं, पावडरच्या दुधावर असलेलं बाळ दिवसाला साधारण पाऊण लिटर पाणी घेतं. साठ किलोच्या माणसाने त्याच प्रमाणात प्यायचं ठरवलं, तर दिवसाला नऊ लिटर प्यावं लागेल. नवजात बाळ मिनिटाला ४० ते ६० श्वास घेतं, मोठा माणूस १२ ते २०. पोटात गेलेलं शिसं लहान मुलाच्या शरीरात मोठ्यांच्या चार-पाच पट शोषलं जातं. त्यात रांगतं लेकरू जमिनीवरची धूळ हाताने तोंडात घालतं. मेंदू, दात आणि हाडं घडण्याचं वय तेच असतं, त्यामुळे त्या वयात झालेला बिघाड पुढे सहसा भरून निघत नाही.

३. तक्रार नेमकी कुणाकडे करायची? सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात.

बोट दाखवलं जातं, कारण अर्जाचं टेबल बहुधा चुकलेलं असतं. ढोबळ वाटणी अशी आहे. गावातलं पिण्याचं पाणी ग्रामपंचायतीकडे, तिथे हललं नाही तर गटविकास अधिकारी आणि जिल्हा परिषदेचा ग्रामीण पाणीपुरवठा विभाग. जुलाब-कावीळ पसरली तर प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी आणि जिल्हा आरोग्य अधिकारी. कारखाना, खडी क्रशर, वीटभट्टी यांचा धूर आणि सांडपाणी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. मराठवाड्यासाठी मंडळाचं प्रादेशिक कार्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे. औषधविक्रीबद्दलची तक्रार कृषी अधिकाऱ्यांकडे, भेसळीची अन्न व औषध प्रशासनाकडे, शाळेची गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, अंगणवाडीची बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे. शहरात महापालिका किंवा नगरपालिका.

"गावात प्रदूषण होत आहे, कारवाई व्हावी" अशा अर्जावर काहीच करता येत नाही. जागा, तारीख, वेळ, कशाचा त्रास, जवळची शाळा किंवा अंगणवाडी किती अंतरावर आणि मोजलेला आकडा असेल तर तो, एवढं लिहा. अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्या. पोच नसली तर पुढची कुठलीच पायरी (प्रश्न १६) चढता येत नाही.

४. पाणी तपासायला कसं द्यायचं? बाटलीत भरून नेलं तर "नमुना चुकीचा" म्हणतात.

तपासण्या दोन प्रकारच्या असतात आणि त्यांच्या बाटल्याही वेगळ्या.

रासायनिक तपासणीसाठी (फ्लोराईड, नायट्रेट, क्षार) एक-दोन लिटरचा स्वच्छ प्लास्टिकचा कॅन घ्या. त्याच पाण्याने तीनदा खळखळून धुवा, मग काठोकाठ भरा. औषधाचा किंवा तेलाचा जुना कॅन कितीही धुतला तरी चालत नाही.

जंतूंच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक बाटली आणा आणि ती धुऊ नका. तिच्यात क्लोरीन मारणारं रसायन आधीच घातलेलं असतं, धुतलं की ते जातं. हातपंप पाच मिनिटं चालवा, नळाचं तोंड पुसून थोडा वेळ पाणी वाहू द्या, मग झाकणाला आतून बोट न लावता भरा. वर थोडी जागा सोडा. बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पोचवा, २४ तासांच्या पुढे नमुना निरुपयोगी ठरतो. अनेक नमुने उन्हात मोटारसायकलच्या डिकीत ठेवून नेल्यामुळे वाया जातात.

नमुना शेवटच्या घराच्या नळाचाही घ्या. टाकीचं पाणी चांगलं आणि वस्तीचं खराब, हे फुटक्या पाइपलाइनमुळे नेहमी घडतं. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना तपासणी संच वापरायचं प्रशिक्षण द्यायचं असतं. तो संच ग्रामपंचायतीच्या कपाटात कुलूपबंद असेल तर मागून घ्या, आतल्या द्रावणांची मुदतही पाहा.

५. अहवाल इंग्रजी आकड्यांनी भरलेला असतो. त्यात काय पाहायचं?

मुलांसाठी हे पाच आकडे आधी पाहा. मर्यादा भारतीय मानक १०५०० (२०१२) मधल्या आहेत.

- ई-कोलाय जंतू: १०० मिलिलिटरमध्ये एकही नको.
- फ्लोराईड: लिटरला १ मिलिग्रॅम. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत.
- नायट्रेट: लिटरला ४५ मिलिग्रॅम. याला सवलतीची वरची मर्यादाच नाही.
- गढूळपणा: १ एकक, पर्याय नसेल तर ५.
- क्लोरीन: नळाला किमान ०.२ मिलिग्रॅम.

यात दोन ठिकाणी फसगत होते. पहिली म्हणजे, "१.५ च्या आत आहे, म्हणजे योग्य" असा शेरा मारला जातो. १.५ ची सवलत दुसरा स्रोत नसलेल्या गावासाठी आहे. शेजारी चांगली विहीर असताना ती लावू नये. दुसरी म्हणजे, काही अहवालांत नायट्रेट "नायट्रोजन" म्हणून लिहिलेलं असतं. तिथे मर्यादा ४५ नाही, साधारण १० आहे. अहवालात १८ दिसला आणि आपण निर्धास्त झालो, तर ते पाणी खरं म्हणजे मर्यादेच्या पावणेदोन पट असू शकतं.

टीडीएस मीटर फक्त विरघळलेले क्षार दाखवतं. जंतू, फ्लोराईड, नायट्रेट यातलं काहीही त्यावरून कळत नाही.

६. गावातल्या बऱ्याच मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे आहेत. गुटख्याने होतं का?

सात-आठ वर्षांच्या लेकराच्या नव्या, कायमच्या दातांवर दोन्ही बाजूंना सारखे, आडवे, खडूसारखे पांढरे किंवा तपकिरी पट्टे असतील आणि घासून ते निघत नसतील, तर आधी फ्लोराईडचा संशय घ्यावा. डाग दाताच्या आत, दात घडतानाच पडलेले असतात. साधारण आठ वर्षांपर्यंतच्या वयात फ्लोराईडचं पाणी पोटात गेलं की हे होतं. डाग मागे जात नाहीत, पण त्याच पाण्यावर वर्षं काढली तर पुढे हाडं आणि सांधे धरतात, आणि ते टाळता येतं.

नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेकडे, किनवटच्या बाजूला, ग्रॅनाइटसारखा खडक आहे. तिथल्या बोअरच्या पाण्यात फ्लोराईड उतरतं. बसाल्टच्या भागातही खूप खोल गेलेल्या बोअरला ते सापडतं, म्हणून "आमच्याकडे काळा पाषाण आहे" एवढ्यावर विसंबू नका.

उकळून फ्लोराईड जात नाही, उलट पाणी आटून प्रमाण वाढतं. तुरटी आणि चुना वापरायची नळगोंडा पद्धत चांगली आहे, पण दोन्हींचं प्रमाण पाण्याच्या गुणधर्मावर ठरतं. अंदाजाने टाकलं तर ॲल्युमिनियम पाण्यात राहतं. गावोगावी बसवलेली आरओ यंत्रं बंद पडण्याची कारणं ठरलेली असतात: पडदा बदलायला पैसे ठेवलेले नसतात, आणि बाहेर टाकलेलं जास्त फ्लोराईडचं पाणी त्याच बोअरजवळ मुरतं.

सगळ्यात भरवशाचा उपाय स्रोत बदलण्याचा. गावातल्या प्रत्येक बोअर, हातपंप आणि विहिरीचा वेगळा नमुना द्या, कारण शंभर पावलांवर आकडा बदलू शकतो. वाईट हातपंपाला लाल रंग मारून "पिण्यासाठी नाही" असं लिहा. चांगला स्रोत शाळा आणि अंगणवाडीला आधी जोडून घ्या.

पावसाच्या पाण्याचाही हिशेब करून पाहा. २० चौरस मीटर पत्रा आणि ६५० मिलिमीटर पाऊस धरला, तर गळती-बाष्पीभवन वजा जाता दहा हजार लिटरच्या आसपास पाणी मिळतं. पाच माणसांच्या घराला पिण्या-स्वयंपाकाला रोज २५ लिटर लागतात. तीन हजार लिटरची एक टाकी भरली तरी चार महिने निघतात. पहिल्या दोन पावसांचं पाणी सोडून द्या, टाकी झाकून ठेवा, क्लोरीन मात्र टाकावंच लागेल.

७. बोअरचं पाणी वीस मिनिटं उकळून बाळाला पावडरचं दूध करते. एवढी काळजी घेतली तर चालेल ना?

जंतूंसाठी उकळणं योग्यच, पण एक उकळी पुरते. पाण्यात नायट्रेट असेल तर जास्त उकळल्याने ते घट्ट होतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात नायट्रेटमुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटते. ओठ, नखं, तळवे निळसर-करडे दिसायला लागतात, बाळ सुस्तावतं. हे दिसलं तर घरी थांबू नका, १०८ ला फोन करा आणि डॉक्टरांना "बोअरचं पाणी देत होतो" हे आवर्जून सांगा.

सहा महिन्यांपर्यंत फक्त अंगावरचं दूध दिलं तर हा धोका जवळपास उरत नाही, कारण आईच्या दुधात नायट्रेट फारसं उतरत नाही.

नायट्रेट येतं कुठून? युरिया, शोषखड्डे आणि उकिरडे. शोषखड्डा पिण्याच्या स्रोतापासून किमान १५ मीटर लांब हवा असं सांगतात. आपल्या भेगाळलेल्या खडकात तेवढंही अपुरं पडू शकतं, म्हणून स्रोत वरच्या अंगाला आणि खड्डा उताराला, हे पाहणं जास्त महत्त्वाचं. विहिरीजवळचे उकिरडे हलवायचा अधिकार ग्रामपंचायतीला आहे.

८. टीसीएल पावडर किती टाकायची? जास्त झालं की वास येतो आणि लोक ओरडतात.

चांगल्या टीसीएलमध्ये (म्हणजे ब्लीचिंग पावडरमध्ये) ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं. अशी पावडर हजार लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे २० हजार लिटरच्या टाकीला १०० ग्रॅम. पोतं उघडं राहिलं, दमट खोलीत पडून राहिलं की ताकद उतरते. २२ टक्क्यांवर आली तर तेच काम करायला साडेसात ग्रॅम लागतात. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरू नये. म्हणून पाण्यासारखाच पावडरचाही नमुना तपासायला पाठवायचा असतो.

कोरडी पावडर टाकीत उधळू नका. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवा, मग बादली भरा, अर्धा तास निवळू द्या. वरचं नितळ पाणी टाकीत ओता, खालचा पांढरा गाळ फेकून द्या. लोक ओरडतात ते बहुधा या गाळामुळे. टाकीत ओतल्यावर पाणी सोडायच्या आधी किमान अर्धा तास, जमल्यास एक तास थांबा. घाई करून लगेच व्हॉल्व्ह उघडला, तर जवळच्या घरांना नुसता वास आणि लांबच्या घरांना जंतू.

पाण्यात क्लोरीन उरलंय का हे दाखवणारी ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणी शेवटच्या घरी करा. थेंब टाकल्यावर पहिल्या दहा सेकंदांतला पिवळा रंग खरा. नंतर गडद होत जाणारा धरू नका. ते द्रावण विषारी आहे, शाळेच्या मुलांच्या हातात देऊ नका.

गावाच्या पाण्यात क्लोरीन टाकणाऱ्या जलसुरक्षकाच्या वहीत रोजची नोंद असते. ती पाहायला मागता येते. तीसही दिवस एकच आकडा, एकाच शाईत दिसला, तर ग्रामसभेत विचारा.

९. उन्हाळ्यात टँकर येतो, नाहीतर जार घेतो. ते पाणी लेकरांना द्यावं का?

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. टंचाईत मिळेल ते पाणी घ्यावं लागतं, पण ते कसं घ्यायचं हे आपल्या हातात आहे. टँकर कुठल्या विहिरीवर भरतो आणि क्लोरीन कधी टाकतो, हे चालकाला विचारा. भरतानाच टाकायला हवं, म्हणजे गावात येईपर्यंत वेळ मिळतो. टँकर विहिरीत किंवा आडात ओततात, त्यावर पोहरे-बादल्या पडतात, आणि स्वच्छ आलेलं पाणी तिथे नासतं. ग्रामपंचायतीने झाकणाची टाकी आणि खाली नळ, एवढी सोय केली तर उन्हाळ्यातले निम्मे जुलाब थांबतील असं आमचं मत आहे. ओटी चाचणी टँकरच्या नळावर सरपंचांसमोर करायला लावा.

जारचं पाणी थंड असतं म्हणून ते शुद्ध ठरत नाही. विक्रेता टीडीएस मीटर दाखवून खात्री देतो, त्या मीटरचं काय ते प्रश्न ५ मध्ये आहे. जार कशाने आणि कितीदा धुतात हे विचारा, आणि जंतूंचा अलीकडचा अहवाल मागा. घरी आलेलं कुठलंही पाणी झाकून ठेवा, ओगराळ्याने काढा. आशाताईंकडे क्लोरीनचे थेंब असतील तर बाटलीवर लिहिलेल्या मापाने टाका.

१०. कापसावर फवारणी चालू असते. मुलांना वावरात नेलं तर काय होतं?

औषध श्वासातून जातं तसं कातडीतूनही जातं. म्हणून "तोंडाला रुमाल बांधला" एवढ्याने भागत नाही. फवारलेल्या वावरात लेबलवर लिहिलेल्या काळापर्यंत मुलांना नेऊ नका. फवारणीचे कपडे वेगळे धुवा, बापाने अंघोळ केल्याशिवाय लेकरू उचलू नये. पंपासाठी पाणी द्यायला मुलाला उभं करतात, तेही फवारणीचंच काम झालं. शाळा सुटल्यावर घरच्या कामात मदत करायची जी सवलत २०१६ च्या बालकामगार कायद्यातल्या दुरुस्तीत आहे, ती धोक्याच्या कामांना लागू नाही.

डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग पाहा. लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे. मोनोक्रोटोफॉस ३६ टक्के या औषधावर केंद्राने २०२३ मध्ये बंदी घातली आणि उरलेला साठा संपवायला दिलेली मुदतही संपली आहे. दुकानात ते दिसलं तर पावतीसह कृषी अधिकाऱ्यांकडे तक्रार करा. रिकाम्या डब्याला भोकं पाडा. त्यात रॉकेल, तेल, पाणी भरून ठेवण्याची सवय अनेक लेकरांच्या जिवावर बेतते.

विषबाधेत लाळ, घाम, उलट्या, टाचणीएवढ्या झालेल्या बाहुल्या अशी लक्षणं दिसतात. कपडे काढा, साबणाने अंग धुवा, जबरदस्तीने उलटी करवू नका, मिठाचं पाणी पाजू नका. डबा सोबत घेऊन दवाखाना गाठा. दिल्लीच्या एम्समधल्या विषबाधा केंद्राचा मोफत क्रमांक १८०० ११६ ११७ आहे.

११. धान्याला लावायच्या गोळ्या घरात ठेवतो. पुडी बांधून ठेवली तर चालते का?

नाही. ॲल्युमिनियम फॉस्फाईडची गोळी हवेतल्या ओलाव्याने फॉस्फिन वायू सोडते. कापडाच्या पुडीतूनही तो बाहेर येतो आणि दाराच्या फटीतून शेजारच्या खोलीतही जातो. ज्वारी-गव्हाच्या पोत्यांना गोळ्या लावून त्याच खोलीत लेकरांना झोपवल्याने जीव गेले आहेत. सुरुवातीला फक्त उलट्या आणि पोटदुखी होते, म्हणून "काहीतरी बाधलं असेल" असं समजून वेळ जातो. यावर उतारा नाही. या गोळ्यांच्या विक्रीवर निर्बंध आहेत, त्या कुणालाही सुट्या विकता येत नाहीत. घरच्या धान्याला कडक ऊन, कडुनिंबाचा पाला आणि घट्ट झाकणाची कोठी पुरते.

१२. आम्ही ऊसतोडीला जातो. कोपीवर लेकरं सोबत असतात. त्यांच्यासाठी काय मागता येईल?

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे शाळेच्या वयाचं लेकरू मागे ठेवायची सोय. हंगामी वसतिगृहासाठी शाळा स्थलांतर होणाऱ्या मुलांची यादी करते. टोळी निघायच्या आधी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, मुख्याध्यापकांना लेखी कळवा. दिवाळीनंतर सांगितलं तर नाव यादीत बसवणं अवघड जातं. ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनाही आहे, चौकशी समाजकल्याण कार्यालयात करा.

सहा वर्षांखालच्या लेकराला सोबत न्यावं लागतं. त्याचं लसीकरण कार्ड आणि अंगणवाडीतली नोंद बरोबर घ्या. जिथे फड पडेल तिथल्या अंगणवाडीत आहार आणि लस मिळवायचा त्याला हक्क आहे. गावच्या ताईंना सांगून पोषण ट्रॅकरवर (अंगणवाडीच्या सरकारी ॲपवर) स्थलांतराची नोंद करून घ्या, म्हणजे तिकडच्या ताईंना "नाव नाही" म्हणता येणार नाही.

कोपीत (पाचटाच्या झोपडीत) राहताना चूल दाराच्या बाहेर, वारा जाईल त्या बाजूला मांडा. पाचट पेटवायच्या आधी लेकरं कुठे झोपली आहेत ते पाहा. अंगाखाली पाचट टाकून निजवलेलं लेकरू दिसत नाही. पाणी कालव्यातून न घेता कारखान्याने टाकी द्यावी, ही मागणी मुकादमाशी उचल (आगाऊ रक्कम) ठरतानाच करा. उचल घेतल्यावर तुमचं ऐकणारं कुणी उरत नाही.

१३. वीटभट्टी, खडी क्रशर, राखेचे ट्रक, जळता कचरा. यांचं किती अंतर, कोणता नियम?

नव्या वीटभट्टीसाठी केंद्राच्या फेब्रुवारी २०२२ च्या नियमात वस्ती आणि फळबागेपासून किमान ८०० मीटर अंतर दिलं आहे. भट्टी झिगझॅग किंवा उभ्या पद्धतीची असावी, असंही त्यात आहे. जुन्या भट्टीला अंतराचा मुद्दा लावता आला नाही तरी धुराची मर्यादा लागते, त्यामुळे अर्जात दोन्ही लिहा. परळीच्या बाजूला औष्णिक वीज केंद्राच्या राखेची वाहतूक होते. ती ताडपत्री झाकून व्हायला हवी. उघडा ट्रक दिसला तर तारीख-वेळेसह फोटो काढा.

हवेतल्या सूक्ष्म कणांची (पीएम २.५) २४ तासांची भारतीय मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची (२०२१) फक्त १५. म्हणजे सरकारी तक्त्यात "समाधानकारक" दिसणारी हवाही दमेकरी मुलाला बाधू शकते. छत्रपती संभाजीनगर, जालना आणि लातूर ही तिन्ही शहरं २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात आहेत. तिथे शहराचा कृती आराखडा असतो आणि त्यासाठी निधी येतो. तो कशावर खर्च झाला हे नगरसेवकाला विचारता येतं.

कचरा उघड्यावर जाळणं बेकायदा आहे, घंटागाडीच्या कर्मचाऱ्याने जाळला तरीही. साठत गेलेल्या कचऱ्याचं काय होतं हे छत्रपती संभाजीनगरने २०१८ मध्ये पाहिलं. नारेगावच्या लोकांनी गाड्या अडवल्या आणि शहरभर ढीग लागले.

१४. शिसं नेमकं कुठून येतं? पेट्रोलमधलं तर बंद झालं ना?

पेट्रोलमधलं २००० साली बंद झालं. आता ते येतं जुन्या बॅटऱ्या फोडून वितळवण्याच्या धंद्यातून, जुन्या रंगाच्या पापुद्र्यांतून, काही काजळ-सुरम्यातून आणि पिवळ्या रंगासाठी हळदीत मिसळलेल्या लेड क्रोमेटमधून. वसमतचा हळदीचा बाजार जवळ असताना आपल्याला खात्रीची हळद मिळवणं सोपं आहे. मात्र अख्ख्या हळकुंडालाही रंग चोळतात. फार चकचकीत, एकसारखं पिवळं हळकुंड घेऊ नका.

घरगुती रंगात शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग आहे, १ नोव्हेंबर २०१७ पासून. शाळा-अंगणवाडीच्या रंगकामाच्या अंदाजपत्रकात ही अट लिहून घ्या. जुना रंग कोरडा खरवडू नका, ओला करून काढा, आणि त्या दिवशी वर्ग बंद ठेवा.

वडील बॅटरीच्या कामात असतील तर कपडे बाहेरच बदलावेत. लेकराच्या रक्तातलं शिसं डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त आलं, तर औषधाआधी स्रोत शोधून तोडायचा असतो.

१५. आमची अंगणवाडी पत्र्याची आहे. एप्रिलमध्ये लेकरं लाल होतात. निधी नाही म्हणतात.

कमी पैशांत होणाऱ्या तीन गोष्टी. पत्र्यावर पांढरा थर: चुन्यात चिकटायला डिंक घालून दोन हात. यामुळे आतलं तापमान दोन ते पाच अंशांनी उतरू शकतं. पहिल्या पावसात तो धुऊन जातो, पण उन्हाळा निघतो. चुना विझवताना लेकरं जवळ नकोत, डोळ्याला इजा होते. दुसरी, पत्र्याच्या वर हातभर अंतर सोडून पऱ्हाटीचा किंवा हिरव्या जाळीचा मांडव. पत्र्याला चिकटून टाकला तर उपयोग नाही, मधून वारा खेळला पाहिजे. तिसरी, समोरासमोर झरोके.

शाळेची वेळ सकाळची करून घ्यायला शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव करा. या समितीत तीन चतुर्थांश पालक असावे लागतात. लेकराला चक्कर, कोरडी जीभ, गडद लघवी दिसली तर सावलीत न्या, अंग ओल्या फडक्याने पुसा, एक लिटर पाण्यात ओआरएसचं पूर्ण पाकीट घालून घोटघोट द्या. अर्ध्या पाण्यात पूर्ण पाकीट घातलं तर अपाय होतो. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाळ्यातही वरचं पाणी नको, दूध जास्त वेळा पाजा. घाम थांबला, बरळायला लागलं किंवा झटका आला, तर १०८.

१६. अर्ज दिला, पोच आहे, महिने गेले. पुढे काय?

पहिल्यांदा माहितीचा अधिकार. दहा रुपये, तीस दिवस. "कारवाई का केली नाही" असं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. कागद मागा: माझ्या अर्जावरची टिपणी, स्थळपाहणी अहवाल, प्रदूषण मंडळाने कारखान्याला दिलेलं संमतीपत्र आणि त्यातल्या अटी. जिवाशी संबंधित माहिती ४८ तासांत द्यावी लागते, दूषित पाण्याच्या साथीत हा मुद्दा अर्जातच लिहा.

सार्वजनिक उपद्रव थांबवायचा आदेश उपविभागीय दंडाधिकारी देऊ शकतात. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १५२ आहे. उघडी गटारं, धूर, रस्त्यावरची राख याला हा मार्ग लवकर लागू पडतो.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे. वाद उभा राहिल्यापासून सहा महिन्यांत जावं लागतं, सबळ कारण असेल तर आणखी साठ दिवस. नुकसानभरपाई मागितली नसेल तर शुल्क हजार रुपये. स्वतः बाजू मांडता येते. न्यायाधिकरणाला सावधगिरीचं तत्त्व लावावं लागतं, म्हणून "माझं लेकरू याच धुराने आजारी पडलं" हे शंभर टक्के सिद्ध होईपर्यंत थांबायची गरज नाही.

१७. कारखान्याकडे संमतीपत्र आहे. मग तो कायदेशीरच झाला ना?

संमतीपत्र अटींवर दिलेलं असतं: धुराड्याची उंची, धूर गाळायचं यंत्र, रोज किती सांडपाणी, ते कुठे सोडायचं. रात्री यंत्र बंद ठेवून धूर सोडला, तर कागद असूनही तो अटीचा भंग होतो. म्हणून आधी अटी मिळवा (प्रश्न १६), मग रात्रीच्या वेळा आठवडाभर लिहून ठेवा. पाहणी दिवसा झाली आणि सगळं ठीक निघालं, असं होऊ नये म्हणून अर्जात रात्रीच्या पाहणीची मागणी करा.

१८. शेततळं आणि उघडी बोअर यांचा आरोग्याशी काय संबंध?

जीव जातो, एवढा संबंध पुरेसा आहे. शेततळ्याचा प्लास्टिक कागद शेवाळाने निसरडा होतो, पोहता येणारा मुलगाही वर चढू शकत नाही. चारही बाजूंना गाठी मारलेला दोर खुंटीला बांधून पाण्यात सोडा, आणि कुंपण करा. बंद पडलेली बोअर तळापासून जमिनीपर्यंत माती-दगडाने भरायची, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलं आहे. वर नुसतं पोतं किंवा फरशी ठेवणं म्हणजे बोअर बंद करणं नव्हे.

१९. ग्रामसभेत ठराव कसा मांडायचा? पैसे कुठून येतील?

ग्रामसभेची गणपूर्ती (किमान हजेरी) मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातली कमी संख्या. आधी महिलांच्या सभेत विषय घ्या, तिथे पाण्याचा प्रश्न टळत नाही. ठराव असा नेमका हवा: "शाळेजवळच्या हातपंपाच्या पाण्यात अमुक तारखेच्या अहवालानुसार फ्लोराईड २.३ मिलिग्रॅम आढळल्याने तो पिण्यासाठी बंद करावा, पंधरा दिवसांत मारुती मंदिराजवळच्या विहिरीवरून शाळेला नळ द्यावा, खर्च बंधित निधीतून करावा." तारीख, आकडा, मुदत आणि पैशाचं खातं, चारही त्यात आले. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ च्या निधीतला ६० टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला होता. त्यातलं काय शिल्लक आहे आणि चालू आराखड्यात पाण्याला किती ठेवलंय, हे सभेतच वाचून दाखवायला सांगा. इतिवृत्ताची नक्कल त्याच आठवड्यात घ्या.

२०. लेकराच्या बापाला त्याच कारखान्यात काम आहे. तक्रार केली तर काम जाईल. गप्प बसावं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि तो विचारणारी बहुधा आई असते. एकट्याच्या नावाने अर्ज करू नका. ग्रामसभेच्या ठरावावर सही सरपंचांची असते, शाळा व्यवस्थापन समितीच्या पत्रावर समितीची. लेकरांच्या खोकल्याची नोंद अंगणवाडी ताईंच्या आणि आरोग्य केंद्राच्या वहीत होते, त्यात तुमची तक्रार दिसत नाही. शाळेच्या आवारातली हवा किंवा पाणी तपासायची मागणी शाळेनेच करावी. राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाला स्वतःहूनही दखल घेता येते, त्यामुळे पत्र पाठवताना "नाव गुप्त ठेवावं" असं वर लिहा आणि शाळेचं नाव, अंतर, तारखा तेवढ्या द्या. आणि तोवर दररोज एक ओळ लिहून ठेवा: आज किती वाजता वास आला, आज किती लेकरं खोकत होती. तीन महिन्यांची अशी वही पाहणीला आलेल्या अधिकाऱ्यासमोर ठेवली, की "तेवढ्यापुरतं झालं असेल" असं त्याला म्हणता येत नाही.